तिच्या घड्याळात नऊ

नमस्कार श्रोतेहो. आज आधी ओव्हन रिकामा करा. आपल्याकडे ओव्हन म्हणजे कढया, तवे आणि झाकणं हरवलेले डबे ठेवायचं कपाट. माझ्याही घरी तेच आहे. ते सगळं ओट्यावर काढा, कारण आज करायच्यात आमिश लोकांच्या साखरेच्या कुकीज. मऊ, जाडसर, जुन्या वळणाच्या.

आमिश हे नाव याकोब आम्मान यांच्यावरून पडलं. १६९३ च्या सुमारास त्यांच्यामागे ख्रिस्ती लोकांचा एक गट वेगळा झाला आणि अठराव्या शतकात त्यातले अनेक जण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला आले. अजूनही बग्गीतून फिरतात, घरात तारेची वीज घेत नाहीत. ओव्हन मग कशावर? गॅसवर, सिलिंडर लावून.

माझी लेक तिकडेच असते. जूनमध्ये लँकेस्टरजवळून जाताना एका शेताच्या फाटकावर हातानं रंगवलेली पाटी दिसली: अंडी, कुकीज, रविवारी विक्री नाही. कुकीज संपल्या होत्या. आतल्या आजीबाई म्हणाल्या, उद्या दहाला या. दुसऱ्या दिवशी आम्ही दहाला पाच कमी असताना हजर. दोरीवर निळे-जांभळे कपडे वाळत होते, गोठ्याचा वास येत होता. दार उघडलं तर आजीबाईंचे हात पिठात आणि कुकीजचा पत्ता नाही. लेक वैतागली, "आई, दहाच म्हणाल्या होत्या ना?" आजीबाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. घड्याळात नऊ वाजत होते.

उन्हाळ्यात अमेरिकेत जवळजवळ सगळीकडे घड्याळ तासभर पुढे करतात, तसं काही आमिश घरांत करत नाहीत. सरकारी वेळ ती वेगवान, यांची ती संथ. मला विचाराल तर ते काटे पुढे ढकलणं कधीच पटलेलं नाही. गाईला कोण सांगणार, आजपासून तासभर आधी दूध दे म्हणून? असो.

आजीबाई म्हणाल्या, आलाच आहात तर हात धुवा. आणि माझ्या हातात दिला काचेचा पेला. पिठाचा अक्रोडाएवढा गोळा, पेल्याचा बूड साखरेत टेकवायचा आणि गोळ्यावर दाबायचा. मी दाबलं थालीपिठासारखं! त्यांनी नुसतं "च्च" केलं, गोळा खरवडून पुन्हा वळला आणि आपली करंगळी आडवी धरून दाखवली. एवढी जाडी ठेव.

ट्रे आत गेला. आठ-नऊ मिनिटांनी बाहेर. मी पाहिलं तर सगळ्या पांढऱ्याफटक! कडेला जेमतेम सोनेरी रेघ, मध्यभाग बोट लावलं तर खचेल असा. मला वाटलं, बाईंना दिसत नसेल. मी म्हटलं, "कच्च्या आहेत." त्या हसल्या. "दिसतायत कच्च्या. ट्रे गरम आहे की अजून." पाच मिनिटांनी उलथण्यानं उचलल्या तर अखंड उचलल्या गेल्या, आणि तोंडात घातली की विरघळली. इतकी वर्षं मी नानकटाईच्या सवयीनं रंग यायची वाट बघत होते, म्हणून माझ्या कुकीज दातांच्या डॉक्टरांचा धंदा वाढवणाऱ्या. फोटोसाठी मोबाईल उचलला तर आजीबाईंनी मान वळवली आणि ट्रे तेवढा पुढे सरकवला. मलाही हल्ली ताटातलं गार होईपर्यंत फोटो काढणाऱ्यांचा रागच येतो.

बरं, कारण ऐका, थोडक्यात. यात लोण्याच्या बरोबरीनं तेल असतं, म्हणून मैदा चिवट होत नाही. निम्मी साखर पिठीसाखर असते, म्हणून पोत बारीक येतो. आणि क्रीम ऑफ टार्टर, ही द्राक्षाच्या दारूच्या पिंपात बसणाऱ्या खड्यांपासून केलेली आंबट पूड. ती सोड्याला फुलवते. शहरात केकच्या सामानाच्या दुकानात मिळते.

आता पेन घ्या. अर्धा कप मऊ लोणी, अर्धा कप बिनवासाचं तेल, अर्धा कप साखर, अर्धा कप पिठीसाखर. सगळं अर्धा अर्धा कप. हे फेटून एक अंडं, अर्धा चमचा व्हॅनिला. व्हॅनिला अर्धाच, बाटली उपडी करणाऱ्यांच्या कुकीजना अगरबत्तीचा वास येतो. मग सव्वादोन कप मैदा, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा चमचा क्रीम ऑफ टार्टर, चिमूट मीठ. मैदा घातल्यावर फक्त एकत्र करा, मळू नका. तासभर फ्रिजमध्ये ठेवा, आपल्या उकाड्यात तर ठेवाच, नाहीतर ट्रेवर पसरून एकच मोठी पोळी होईल. ओव्हन आधी १९० अंशांवर तापवा. आठ ते दहा मिनिटं. पुन्हा सांगते, आठ ते दहा. पांढऱ्या दिसल्या तरी काढा.

काचेपलीकडून मला हात दाखवतायत, वेळ झाली म्हणून. त्यांचं घड्याळ अर्थातच वेगवान आहे. नमस्कार.