घरातल्या झाडांना पाणी कधी घालायचं? आधी बोट घाला!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तेच: "ताई, मनी प्लांटला किती दिवसांनी पाणी घालू?" दिवसांचा हिशोब मी सांगणारच नाही. मे महिन्यात नागपूरला खिडकीतली कुंडी २-३ दिवसांत कोरडी पडते. जुलैत रत्नागिरीला तशीच कुंडी आठवडाभर ओली राहते. मग वार ठरवून कसं चालेल?

कुंडीला खाली भोक हवं, पाणी सकाळी घालावं, हे तुम्हाला माहीत आहे. पुढे जाऊया.

बोट. दोन पेरं आत घाला, नुसतं वर टेकवू नका. (कुंडी कॅमेऱ्यासमोर धरून) ही बघा, वरून पांढुरकी, कोरडी ठाक. आत मात्र गार लागतंय आणि माती बोटाला चिकटून आली. हिला आज पाणी नको. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तर हमखास फसवतं, वर वाळलेलं आणि खाली गच्च ओलं. बोट घालायला नको वाटतं? आईस्क्रीमची काडी खोचा, ओली निघाली तर थांबा. कुंडी छोटी असेल तर उचलून बघा, कोरडी कुंडी हाताला लगेच हलकी लागते.

"पण पानं माना टाकतात हो!" म्हणून लगेच तांब्या घेऊन धावू नका. शेजारच्या काकू पीस लिलीला असंच रोज पाणी घालत होत्या. कुंडीतून काढली तर मुळं तपकिरी, लिबलिबीत, ओढली की साल हातात, आणि कुबट वास. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून झाड तहानलेलं दिसतं. माती ओली आणि पानं मलूल? पाणी बंद. पुन्हा सांगते, आधी बोट!

"रोज अर्धा कप" या सल्ल्याचा तर मला मनापासून राग येतो. वरचा थर तेवढा भिजतो, खालची मुळं तशीच. घालाल तेव्हा खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घाला. स्नेक प्लांट पानांत आणि झीझी प्लांट मातीतल्या कंदांत पाणी साठवतात, त्यांची कुंडी पूर्ण सुकू द्या.

आणि बशीत निथळलेलं पाणी लगेच ओतून टाका. डेंग्यूच्या डासाची मादी अशाच साचलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालते. ती बशीला चिकटून राहतात, वाळली तरी टिकतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा बशी घासूनच घ्या.