तात्यांची पिशवी आणि पाच हजार डॉलर

राम राम मंडळी, नमस्कार. परवा जळगावच्या बाजारात भरताची वांगी निवडत होते तर एक ताई जवळ येऊन थांबल्या, म्हणाल्या मॅडम आवाजावरून ओळखलं, तुम्ही रेडिओवर बँकेचं सांगता ना, मग मला एक सांगा, माझा भाऊ अमेरिकेत असतो, तो आणि वहिनी इकडून बाळ दत्तक घेणारेत, कुणी म्हणतं तीस लाख लागतील कुणी म्हणतं चाळीस, आणि आमचे बाबा शेत विकायला निघालेत. मी हातातलं वांगं खाली ठेवलं. म्हटलं ताई, बाबांना आज रात्रीच फोन करा आणि सांगा शेत विकू नका, निदान आठ दिवस तरी थांबा. त्यांना तिथे उभ्याउभ्या जे सांगितलं तेच आज तुम्हाला नीट सांगते, कारण हल्ली आपल्या चोपडा, रावेर, अमळनेर, शिरपूर, कुठल्याही गावात जा, चार घरांतला एक पोरगा परदेशात आहेच.

पहिली गोष्ट, आणि ही मी पुन्हा पुन्हा सांगणार. दत्तकाचा पैसा एकदम लागत नाही, टप्प्याटप्प्यानं लागतो. दुसरी गोष्ट, पावतीशिवाय एक रुपया द्यायचा नाही. टप्पे आणि पावती. हे दोन शब्द लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

आता आकडे. आपल्या देशात दत्तक देणं-घेणं सगळं कारा नावाच्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या देखरेखीखाली चालतं, कायदा २०१५ चा बाल न्याय कायदा, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. इथेच राहणाऱ्या जोडप्याला सगळ्या फिया धरून साधारण ५५ ते ६५ हजार रुपये लागतात. परदेशातून येणाऱ्या जोडप्याला इथल्या संस्थेची फी ५ हजार डॉलर, म्हणजे चार लाखांच्या वर. एवढंच इकडचं. मग तीस-चाळीस लाखांची गोष्ट येते कुठून? ती तिकडून येते. तिकडच्या एजन्सीची फी, घर बघून अहवाल करणाऱ्या सोशल वर्करची फी, बाळाच्या व्हिसाचे अर्ज, कागदांवर नोटरी आणि अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, विमानाची तिकिटं, इथे येऊन राहणं, बिनपगारी रजा. अमेरिकेत हे सगळं मिळून २० ते ५० हजार डॉलर असा अंदाज धरतात. पण हा खर्च दीड-दोन वर्षांत पसरलेला असतो, कधीकधी त्याहून जास्त. आज एजन्सीची नोंदणी, मग काही महिन्यांनी अहवाल, मग वाट बघणं, मग बाळाची फाईल येते, मग संस्थेची फी, मग तिकीट. टप्पे. शेत एकदाच विकलं जातं हो, आणि पैसा दोन वर्षं बँकेत पडून राहतो, नाहीतर तोपर्यंत भाऊबंदांपैकी कुणीतरी उसना मागतोच.

आता मी तुम्हाला तात्यांची गोष्ट सांगते. ही गोष्ट मी कुठेही गेले तरी सांगते. आमच्या माहेरच्या बाजूचे आहेत, चोपडा तालुक्यातले, केळीवाले, सगळं गाव त्यांना तात्याच म्हणतं आणि मी पण पूर्ण नाव घेणार नाही. एकुलता एक मुलगा, इंजिनियर होऊन तिकडे गेला, तिकडचाच नागरिक झाला. लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. शेवटी दोघांनी ठरवलं, दत्तक घ्यायचं आणि आपल्या मातीतलंच घ्यायचं. फाईल आली, पुण्याच्या एका संस्थेतली मुलगी, दीड वर्षांची. मुलानं फोटो पाठवला तात्यांना. तात्यांनी तो फोटो चोपड्यात जाऊन मोठा करून आणला आणि देव्हाऱ्याशेजारी लावला, माईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला म्हणाले हिला रोज दिवा दिसू दे.

त्याच आठवड्यात केळीची कापणी झाली. व्यापाऱ्यानं हिशोब रोखीत केला. तात्यांनी काय केलं, कुणालाही न सांगता, मुलालाही न सांगता, त्यातले दोन लाख बियाण्याच्या दुकानातून मिळते ना ती पिवळी कापडी पिशवी, त्यात भरले, वरून एक टॉवेल, त्यावर माईंनी बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा, आणि जळगावला येऊन महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसले. रात्रभर पिशवी मांडीवर. झोपले नाहीत. सत्तरी ओलांडलेला माणूस.

सकाळी संस्थेत पोचले. मला त्यांनी नंतर सगळं सांगितलंय, इतक्यांदा सांगितलंय की ती खोली मला दिसते. भिंतीला लागून इतक्या इतक्या चपलांची रांग, सगळ्या बोटभर लांबीच्या. टेबलामागे एक ताई. तात्यांनी भाकरी बाजूला काढली, टॉवेल काढला, आणि पिशवी टेबलावर ठेवून म्हणाले, हे संस्थेला माझ्याकडून दान. त्या ताईंनी पिशवीत बघितलं आणि पिशवी परत तात्यांकडे सरकवली. काका, हे मला घेता येणार नाही. तात्यांना वाटलं रक्कम कमी पडली. म्हणाले, अजून एक कापणी बाकी आहे, अजून देतो. ताईंनी पुन्हा पिशवी सरकवली. मग तात्यांचा आवाज चढला, आणि आवाज चढला की ते अहिराणीवर येतात, म्हणाले, "बहिन, मी दान दी राह्यनू, लाच नही! मनी नात से ती!"

त्या ताई काय म्हणाल्या ऐका. त्यांनी ड्रॉवरमधून पावतीपुस्तक काढलं, तात्यांच्या पुढ्यात उघडून ठेवलं आणि म्हणाल्या, काका, ही आमची पावती. यात ठरलेल्या फीचा रकाना आहे. दत्तक घेणाऱ्यांकडून दान, असा रकानाच नाही. कारण नियमानं आम्हाला ते घेताच येत नाही, रोख नाही, वस्तू नाही, आडून नाही. जी फी आहे ती तुमचा मुलगा बँकेतून भरेल आणि त्याची पावती त्याला मिळेल. रकाना नाही, म्हणजे पैसा नाही.

तात्या गप्प बसले. तेवढ्यात आतून एक पोरगं रांगत आलं, तात्यांची नात नव्हे, दुसरंच कुठलंतरी, ते तात्यांच्या पायाला धरून उभं राहिलं आणि पिशवीत हात घालून पाचशेच्या गड्डीचं रबर ओढायला लागलं. रबर निघालं, पोरगं खूश, नोटा खुर्चीखाली. एवढा पैसा जमिनीवर आणि कुणी उचलायची घाई करेना, आधी ताईंनी पोराच्या तोंडातून रबर काढलं. तात्या म्हणतात, त्या क्षणाला मला कळलं की इथे माझ्या पिशवीचं काही काम नाही.

पुणे स्टेशनवरून मला फोन. बहिणी, पैसा घेत नाहीत, आता काय करू. मी म्हटलं तात्या, आधी भाकर खा, मग पिशवी घट्ट धरा, आणि घरी या, आपण बघू. मी तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज खात्याला, पण समोरून येणारा पैसा परत पाठवणारं टेबल मी क्वचित पाहिलं, म्हणून सांगते, अशी संस्था भेटली तर तिच्यावर विश्वास ठेवा. आणि जिथे कुणी म्हणेल लवकर काम करून देतो, वरचं एवढं द्या, किंवा एखाद्या दवाखान्यातून परस्पर बाळ मिळवून देतो म्हणेल, तिथून त्याच पावली मागे फिरा. मुलाची खरेदी-विक्री केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे, आणि तसं आणलेलं बाळ परदेशात नेताच येत नाही, कारण काराचं ना हरकत पत्र नसेल तर पुढचा कुठलाच कागद हलत नाही.

पावतीवरून आठवलं. आपल्याकडे पावती मागितली की समोरच्याला अपमान वाटतो आणि मागणाऱ्याला लाज. किराण्याचं बिल मागत नाही, डॉक्टरकडे मागत नाही, लग्नात मंडपवाल्याला, डीजेवाल्याला लाख लाख रुपये हातावर टेकवतो, चिठ्ठी सुद्धा घेत नाही. मला तर त्या डीजेचाच राग आहे, म्हातारी माणसं छाती धरून बसतात आणि आपण त्याला वर बक्षीस देतो. असो.

तर तात्यांच्या दोन लाखांचं आम्ही काय केलं. पॅनकार्ड घेऊन आधी ते तात्यांच्या खात्यात भरले. मग मुलाचं इथे एनआरओ खातं, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं इथलं रुपयांचं खातं होतं, त्यात चेकनं टाकले, वडिलांकडून मुलाला भेट म्हणून. हे चालतं, जवळच्या नात्यात चालतं, आणि त्यावर मुलाला इथे टॅक्स लागत नाही. आता तुम्ही म्हणाल हा द्राविडी प्राणायाम कशाला, तात्यांनीच सरळ खर्च केला असता. तर इथे खरी मेख आहे, नीट ऐका. अमेरिकेत दत्तकाच्या खर्चावर टॅक्समध्ये सूट मिळते, त्याला तिकडे ॲडॉप्शन टॅक्स क्रेडिट म्हणतात. २०२३ साली एका मुलामागे १५,९५० डॉलरपर्यंत होती, २०२५ साठी १७,२८० डॉलरपर्यंत होती, म्हणजे चौदा लाखांच्या वर. पण ती सूट दत्तक घेणाऱ्यानं स्वतः केलेल्या खर्चावर मिळते. एजन्सी, वकील, प्रवास, बाहेरगावी राहणं-जेवण हे सगळं त्यात धरतात, पण खर्च मुलाच्या खात्यातून आणि पावती मुलाच्या नावाची हवी. मुलगा-सून पुण्यात येऊन राहणार त्याचं घरभाडं तात्यांनी भरलं असतं तर ते तिकडच्या हिशोबात शून्य. मुलानं भरलं तर धरलं जातं. पैसा तोच, केळीचाच, पण रस्ता बदलला.

मुलगा आणि सून आली ती पाच आठवडे राहिली पुण्यात. आदेश झाल्यावर बाळाचा नवा जन्मदाखला, पासपोर्ट, मेडिकल, व्हिसा, हे सगळं उरकायला वेळ लागतोच, तेव्हा हॉटेलच्या नादाला न लागता छोटा फ्लॅट भाड्यानं घ्या, गॅस असलेला. माईंनी तिथे जाऊन स्वयंपाक केला. आणि तात्यांनी एक लाल वही घातली. दुधाची पिशवी, रिक्षा, बाळाचं औषध, झेरॉक्स, एकूण एक. मागच्या पुठ्ठ्याला पावत्यांची पुडी स्टेपल केलेली. मुलगा म्हणायचा बाबा राहू द्या, तात्या म्हणायचे रकाना आहे तर भरायचा.

बाकीचे मार्ग भरभर सांगते. ती अमेरिकेतली टॅक्सची सूट बाहेरच्या देशातून, म्हणजे आपल्याकडून घेतलेल्या मुलासाठी दत्तक पूर्ण झाल्यावरच, त्या वर्षाच्या हिशोबात मिळते, आधी नाही, म्हणजे खर्च आधी आणि सूट नंतर, हे धरून चाला. एका वर्षात पूर्ण वापरली गेली नाही तर पुढे पाच वर्षं ओढता येते. दुसरं, तिकडच्या बऱ्याच कंपन्या दत्तकासाठी कर्मचाऱ्याला पैसे देतात, लोक विचारतच नाहीत, एचआरला विचारा, फक्त जो खर्च कंपनीनं दिला तोच पुन्हा टॅक्समध्ये दाखवता येत नाही. तिसरं, तिकडे दत्तकासाठी अनुदान देणाऱ्या आणि बिनव्याजी कर्ज देणाऱ्या धर्मादाय संस्था आहेत, अर्ज लांबलचक असतात, पण घराचा अहवाल हातात आला की लगेच अर्ज टाकायचे, पैसे संपल्यावर नाही.

आणि इकडच्या आईबापांनी काय करावं? खूप वाटलं तर सोनं विकू नका, तारण ठेवा, तेही संस्थेच्या फीची तारीख जवळ आल्यावर, आधीपासून व्याज कशाला भरायचं. भिशी उचलायची असेल तर प्रवासाच्या महिन्याला उचला. टप्पे बघा. आपण पोराच्या लग्नात तीन हजारांची पंगत उठवतो तेव्हा कुणी विचारत नाही पैसा कुठून आला, आणि घरात लेकरू येतंय म्हटलं की लोक किंमत विचारतात. किंमत नाही हो ती, कागदांचा आणि प्रवासाचा खर्च आहे. मला हे फार लागतं, म्हणून बोलले.

त्या बाजारातल्या ताईंचा काल फोन आला होता. बाबांनी शेताचा विषय सोडला, भावानं कंपनीत विचारलं, आणि घरात वही घातली म्हणे.

तात्यांची वही मी पाहिलीय. ती पाच आठवड्यांची मुदत श्रावणात संपली. उडायच्या आधी चार दिवस सगळे गावी आले आणि नेमका कानबाईचा रविवार, आपल्या खान्देशातला देवीचा सण. आता रोट, म्हणजे कानबाईचा गव्हाचा प्रसाद, तो घरच्यांचा, भाऊबंदकीतला, बाहेरच्याला त्यातला घास मिळत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. गल्लीतल्या दोन बायका आडून आडून विचारत होत्या, पोरीला रोट देणार का. आमच्याकडे घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू मोजतात, सुना-लेकींच्या नावानं नाही. माईंनी तात्यांची मूठ मोजली, मुलाची मोजली, आणि मग काही न बोलता तिसरी मूठ सुपात घातली, वर पाव. तात्या वही घेऊन ओट्यावर बसले होते. त्या दिवसाच्या पानावर दूध आहे, जीपचं भाडं आहे, आणि शेवटच्या ओळीत तात्यांच्या अक्षरात, कानबाई, नातीच्या नावाचे गहू सव्वा मूठ. पुढे रकमेच्या रकान्यात लिहिलंय, घरचे.

येते मंडळी. नमस्कार.