एका हाताची चाळीस पेने

श्रोतेहो, नमस्कार.

बोलायला सुरुवात करण्याआधी मी समोरचा कागद मायक्रोफोनच्या अगदी जवळ नेते आणि त्यावर एक ओळ लिहिते. जरा कान द्या. ऐकू आली ती बारीक कुरकुर? ज्यांनी कधीकाळी शाईच्या पेनाने परीक्षेचे पेपर लिहिले असतील, त्यांनी तो आवाज लगेच ओळखला असेल. निब जितकी गुळगुळीत तितकी ही कुरकुर कमी, आणि काही निबा तर अगदी मुक्याने लिहितात. मला स्वतःला त्या फारशा रुचत नाहीत, कारण कागद खरखरीत आहे की तुळतुळीत, याची खबर बोटांपर्यंत पोचतच नाही.

मागच्या महिन्यात माझी बारा वर्षांची भाची माझ्या टेबलाचा खण उघडून बसली होती. तिने सगळी पेने बाहेर काढली, रांगेने लावली, मोजली आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, "मावशी, पेनं चाळीस आणि हात एक. हे गणित कसं जमतं?" मी तेव्हा थातुरमातुर काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण प्रश्न काही मनातून जाईना. आजचे हे बोलणे म्हणजे तिला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे असे समजा. ते तिला पटेलच अशी हमी मात्र मी देत नाही.

संग्राहकाला नवे पेन घ्यायला पैशाच्याही आधी कारण लागते. पहिले पेन लिहिण्यासाठी असते; त्याचा जाब कोणी विचारत नाही. दुसरे घेतले जाते ते पहिले कधी दुरुस्तीला गेले तर अडायला नको म्हणून. तिसरे, काळ्या शाईच्या पेनात निळी शाई घालून दोन्ही रंग बिघडायला नकोत म्हणून. चौथे बारीक निबेचे, कारण पुस्तकाच्या समासात टिपणे करायला तिसऱ्याची निब जाड पडते. दहाव्या पेनापर्यंत उपयोगाची कारणे संपत येतात आणि मग माणूस इतिहासाकडे आणि त्याहून फालतू गोष्टींकडे वळतो. माँ ब्लां कंपनीच्या मोठ्या पेनांच्या निबेवर ४८१० हा आकडा कोरलेला असतो. ती आल्प्समधल्या त्याच नावाच्या पर्वताची मीटरमधली उंची मानली जाते. प्लॅटिनम या जपानी कंपनीच्या एका पेनाच्या नावातच ३७७६ हा आकडा आहे. ती फुजी पर्वताची उंची. माझ्याकडे पहिले आले आणि दुसऱ्यावाचून खण अर्धवट दिसू लागला. दोन पर्वत शेजारी शेजारी असावेत, हे त्या वेळी मला अगदी सबळ कारण वाटले होते.

इतिहासाकडे वळले की लक्षात येते, की फाउंटन पेनाची सगळी कथा एकाच अडचणीभोवती फिरते. बोरूची आणि टाकाची शाई दौतीत असे, आणि दर दोनचार शब्दांनी तिच्यात बुडी मारावी लागे. दौतच पेनाच्या पोटात बसवायची म्हटले तर शाई एक तर मुळीच बाहेर येत नाही, नाहीतर सगळी एकदमच येते. अरुंद तोंडाची बाटली उपडी केली की ती गटगट आवाज करत रिकामी होते. तो आवाज आत शिरणाऱ्या हवेचा असतो. पेनाचेही तसेच आहे. जेवढी शाई खाली उतरेल तेवढीच हवा वर गेली पाहिजे, आणि तीही गटगट न करता. पेट्राके पोएनारू या रुमानियन तरुणाने १८२७ साली फ्रान्समध्ये अशा पेनाचे पेटंट घेतले होते. पण हवेचा हा हिशेब व्यवहारात बसवण्याचे श्रेय मुख्यतः न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनला दिले जाते. त्याने १८८४ च्या आपल्या पेटंटमध्ये निबेखालच्या जिभेत, म्हणजे शाई निबेपर्यंत आणणाऱ्या पट्टीत, अतिशय बारीक चिरा ठेवल्या. त्या चिरांतून शाई केशाकर्षणाने निबेकडे सरकते आणि तिची जागा घ्यायला हवा वर चढते. आपल्या हातातले पेन आजही याच तत्त्वावर चालते. जिभेच्या पोटाशी माशाच्या कल्ल्यांसारख्या खाचा दिसतात, त्या शोभेच्या नाहीत. हाताच्या उबेने आतली हवा फुगली आणि तिने जास्तीची शाई खाली ढकलली, तर ती या खाचांमध्ये थोपून राहते. ड्रॉपरने भरायचे पेन संपत आले की डाग का टाकते, याचेही कारण हेच: शाई थोडी, हवा जास्त, आणि ती हवा तुमच्या मुठीत तापत असते.

बाहेर येण्याची सोय झाली तशी आत भरण्याची चढाओढ सुरू झाली, आणि माझ्यासारख्यांचे खण भरतात ते या चढाओढीमुळेच. कॉन्क्लिन कंपनीने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी पेनाच्या अंगावर धातूची चंद्रकोर बसवली. ती दाबली की आतली रबरी पिशवी चेपते, सोडली की शाई ओढून घेते. मार्क ट्वेनने या पेनाची वाखाणणी केली ती आणखी एका कारणाने. चंद्रकोरीमुळे पेन टेबलावरून गडगडत खाली जात नाही, आणि त्यामुळे तोंडून निघणाऱ्या शिव्या वाचतात, असे त्याचे म्हणणे होते. वॉल्टर शेफर हा जवाहिऱ्या. त्याने १९०८ साली अशी तरफ काढली, की ती पेनाच्या अंगात सपाट मिटून बसे आणि गरजेपुरती नखाने उचलता येई. पेलिकानने १९२९ साली हंगेरियन अभियंता थिओडोर कोव्हाच याच्या पेटंटवरून दट्ट्याचे पेन बाजारात आणले, आणि रबरी पिशवीच काढून टाकली. १९५२ साली शेफर कंपनीने तर कमाल केली. निबेखालून एक बारीक नळी हत्तीच्या सोंडेसारखी बाहेर येते, तेवढीच दौतीत बुडवायची, निब कोरडीच राहते. हे पेन उघडून पाहिले तर इतके सुटे भाग निघतात की घड्याळ खोलल्याचा भास होतो. शाई भरताना बोट खराब होऊ नये एवढ्यासाठी केवढा हा खटाटोप! मला ते पेन लिहायला तितकेसे आवडत नाही. भरायला मात्र मी ते पुन्हा पुन्हा भरते.

खरे सुख विचाराल तर ते दट्ट्याच्या पेनात आहे. पेनाच्या मागच्या टोकाचे बोंडूक फिरवले की दट्ट्या खाली उतरतो आणि निबेतून दोनचार बुडबुडे दौतीत सुटतात. मग उलटे फिरवायचे. बोंडकाला हलकासा प्रतिकार जाणवू लागतो, जणू कोणी आतून दोरी ओढून धरली आहे, आणि पेनाच्या कमरेला असलेल्या पारदर्शक पट्टीत शाईची पातळी चढताना दिसते. दौतीतून काढल्यावर दोनतीन थेंब परत सोडायचे, पुन्हा किंचित आत ओढायचे, आणि निब टिपकागदाला नुसती टेकवायची. टिपकागदावर निबेच्या दोन पात्यांचा अचूक ठसा उमटतो. एवढे सगळे दोन मिनिटांचे काम, पण त्या दोन मिनिटांत दुसरे काहीही करता येत नाही.

पेनांच्या अंगाविषयीही सांगायला हवे, कारण जुन्या पेनाची पारख पुष्कळदा नाकाने होते. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. अंगठ्याने जोराने चोळले की गंधकाचा उग्र वास येतो. सेल्युलॉइडला कापराचा वास असतो, कारण ते बनवताना कापूर लागतो. केसीन हे दुधातल्या प्रथिनापासून केलेले; ते फार सुंदर रंग धरते, पण पाण्यात ठेवले तर फुगते. हे सगळे मला पुस्तकी ठाऊक होते, आणि तरीही माझ्या हातून एक अपराध घडला. चंद्रकोरीचे एक जुने काळेभोर पेन माझ्याकडे आले, आत शाई वाळून दगड झाली होती. ती सुटावी म्हणून मी रात्री अख्खे पेन पाण्यात बुडवून निर्धास्त झोपले. सकाळी पाहते तो काळ्या पेनाच्या जागी शेवाळी-तपकिरी रंगाची कांडी. वर्षानुवर्षांच्या उजेडाने एबोनाइटचा पृष्ठभाग आधीच बदललेला असतो. कोरडा असताना तो काळा भासतो आणि पाणी लागताच खरा रंग उघडा पडतो. बुडवायचा होता फक्त निबेकडचा भाग. त्या पेनाला आता मी कोणाला दाखवत नाही, पण लिहिते मात्र ते झकास, आणि माझ्याविषयी त्याचा काही राग असावा असे वाटत नाही.

निबेची गोष्ट निराळी. सोने वापरले जाई ते थाटासाठी कमी आणि शाईसाठी जास्त, कारण जुन्या शाया आम्लधर्मी असत आणि साध्या पोलादाला खात. पण सोने मऊ; कागदावर घासून ते लवकरच झिजले असते. म्हणून टोकाला ऑस्मियम, रुथेनियम यांसारख्या अतिशय कठीण धातूंच्या मिश्रणाचा एक कण वितळवून जोडतात, आणि मग मधोमध चीर देऊन त्याचे दोन भाग करतात. भिंगातून पाहिले तर ते दोन अर्धगोल एका पातळीत आहेत की एक वर चढला आहे हे दिसते. चढला असेल तर निब एका दिशेने कागद ओरबाडते. नवीन पेन हाती आल्यावर मी आधी भिंग काढते, दौत नंतर.

आता हव्यासाविषयी. लिलावात ठेवलेले पेन संपूर्ण आठवडाभर मला फारसे आवश्यक वाटत नाही. शेवटची दोन मिनिटे उरली, आणि कोणी अनोळखी माणूस माझ्या बोलीवर बोली चढवू लागला, की तेच पेन माझे कुणीतरी हिसकावून नेत आहे असे वाटू लागते. एकदा या ईर्ष्येत मी जे पेन मिळवले, ते खणात ठेवायला गेले तर तिथे त्याचाच जुळा भाऊ पडलेला. अशी लाज कोणाला सांगवत नाही. आज सांगून टाकली. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४५ च्या २ सप्टेंबरला, मिसूरी युद्धनौकेवर जपानची शरणागती स्वीकारताना जनरल मॅकआर्थरने एकामागून एक अनेक पेने काढून सह्या केल्या, आणि त्यांतले एक पत्नीचे लालभडक पार्कर डुओफोल्ड होते. इतिहासकार याचा अर्थ काहीही लावोत, आम्हा पेनवेड्यांना तो सेनापती आपल्यातलाच वाटतो.

आणि नेमक्या त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये बॉलपेन विक्रीला आले. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकाराने त्याची कल्पना आधीच सिद्ध केली होती. पुढच्या काही दशकांत फाउंटन पेनाच्या हातचे रोजचे काम गेले, आणि ज्या वस्तूला काम उरत नाही तिच्याकडे माणसे निवांतपणे पाहू लागतात. पण काचेच्या कपाटात कधीही शाई न भरता जपलेली पेने मला पाहवत नाहीत. मर्यादित संख्येत काढलेल्या आणि पेटीसकट विकल्या जाणाऱ्या आवृत्त्यांविषयी तर मी बोलतच नाही. त्यांत पेनापेक्षा पेटीवर मेहनत झालेली असते. माझ्याकडेही अशी दोन कोरी पेने आहेत. ती भरायचा धीर होत नाही, आणि हे मी भाचीला सांगितलेले नाही.

चाळीसपैकी एका वेळी तीनच भरलेली असतात. महिन्यातून एकदा ती धुवायची, स्वच्छ पाणी येईतो धुवायची, कपड्यावर निब खाली करून रात्रभर ठेवायची, आणि पुढची तीन निवडायची. कोणाची पाळी आली हे मी वहीत लिहून ठेवते, नाहीतर जी लाडकी आहेत तीच पुन्हा पुन्हा हातात येतात. मावशीचे गणित, म्हटले तर, एवढेच आहे.

या भाषणाची पहिली दोन पाने मी काल रात्री लिहिली. शाई जुन्या पद्धतीची, लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाची. अशी शाई पेनातून उतरताना फिकट असते, म्हणून डोळ्यांना दिसावी एवढ्यासाठी तिच्यात निळा रंग मिसळतात, आणि हवा लागली की ती हळूहळू काळी पडते. काल निळसर असलेली अक्षरे आज इथे माझ्यासमोर चांगली काळसर झाली आहेत, आणि आज दुपारी लिहिलेली अजून निळीच आहेत. मी लिहिताना कुठे थांबून दुसऱ्या दिवशी पुढे लिहिले, ते तुम्हाला ऐकू येत नसले तरी मला दिसते आहे. येताना चाळिसांतले एकच पेन बरोबर आणले, ते दट्ट्याचे. सुरुवातीला तुम्हाला ऐकवलेली ओळ नीट यावी म्हणून मी बाहेर बसून तिची बरीच तालीम केली, आणि त्यात शाई संपत आली. ती ओळ तेवढी निघाली. शेवटचा हा परिच्छेद मात्र इथल्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीतल्या कोणाच्या तरी बॉलपेनाने लिहिलेला आहे.

नमस्कार.