वीस मिनिटं आणि दोन नळ्या

ह्या दोन नळ्या बघा. दोन्ही काचेच्या, दोन्हीत दोन-दोन मिली रक्त, आणि ते एकाच ब्रदरच्या, म्हणजे पुरुष नर्सच्या, हातातून आत्ताच काढलंय. फरक एवढाच की डावी नळी नवी कोरी आहे आणि उजवी साबणाने धुवून वाळवलेली. आता वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही, हलवायचं तर अजिबातच नाही.

सर्पदंशाच्या ह्या प्रशिक्षणाला समोर बसलेत ते कोकणातल्या पीएचसींचे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रांचे, मेडिकल ऑफिसर. रात्री दोन वाजता साप चावलेला पेशंट जीपमधून उतरवला की पहिला हात ह्यांचाच लागतो, तिथे ना फिजिशियन ना लॅब. घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठायचं थांबतं, ते ओळखायला ही एवढी नळी पुरते.

वीस मिनिटं झाली. डावी तिरकी केली, रक्ताची घट्ट गाठ. उजवी तिरकी केली... वाहिलं. माणूस ठणठणीत, साप जवळपाससुद्धा नाही, आणि टेस्ट म्हणते विष भिनलंय! सगळ्यांचे चेहरे बघा. नळी साबणाने धुतलेली नको, ही पुस्तकात एक ओळ असते, वाचून कुणाच्या लक्षात राहते?

आता सापाच्या विषावरच्या औषधाची व्हायल, म्हणजे छोटी बाटली. आतली पावडर दहा मिली पाण्यात विरघळवायची, पण खळाखळा हलवायची नाही, फेस होतो. अशी दोन तळहातांत हळूहळू फिरवायची. सुरुवातीला दहा व्हायल, आणि लहान मूल असलं तरी दहाच, सापाने वय बघून विष कमी सोडलेलं नसतं. शेजारी ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून तयार, ह्या औषधाची रिॲक्शन आली की ते मांडीत. बरेच डॉक्टर रिॲक्शनच्या भीतीनेच व्हायल न फोडता रेफर चिठ्ठी लिहितात, आणि रस्त्यात जो वेळ जातो तो जातोच.

मण्यारीचं तर वेगळंच. खाली झोपलेल्याला रात्री चावते, दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही, पहाटे पोटात दुखतं म्हणून माणूस येतो आणि ॲसिडिटीचं इंजेक्शन घेऊन घरी जातो. म्हणून शिकवणाऱ्या मॅडम सगळ्यांना आधी पापण्या बघायला लावतायत, जड झाल्यात का, वर बघता येतंय का. आणि श्वास मंदावला तर हा ॲम्बू बॅग, हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा, पुतळ्यावर प्रत्येकाने दाबून बघायचा, मास्क घट्ट बसला नाही की छाती उचलतच नाही, दिसतंय ना?

हे शिक्षण मोठ्या शहरातूनच यावं असंही काही नाही. महाडजवळ बिरवाडीच्या पीएचसीत डॉ. हिंमतराव बावस्कर विंचवाच्या पेशंटशेजारी बसून नोंदी ठेवायचे, रक्तदाबाची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरली आणि १९८६ मध्ये ते थेट लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. खेड्यातल्या खाटेशेजारचं काम जगाने वाचलं.

देशात सर्पदंशाने वर्षाला अंदाजे ५८ हजार माणसं जातात, बहुतेक खेड्यातली.

डॉक्टरांना रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पाच वर्षांत अशा प्रशिक्षणांचे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. ते हॉटेलच्या एसी हॉलमध्ये स्लाइड बघूनही मिळतात आणि इथे हाताला रक्त लागूनही. इथल्या हॉलला पंखा एकच आहे, पण दुपारच्या बॅचला सिस्टर आणि १०८ रुग्णवाहिकेचे डॉक्टरही येतायत, त्यांच्यासाठी नव्या नळ्या आत्ताच काढून ठेवल्यात.