अस्वल बघायचं तर कुठे बसायचं?

मघाशी चहाच्या वेळी एकजण म्हणाले, "मेळघाटात चार वेळा गेलो, अस्वलाचा केससुद्धा दिसला नाही. जागा सांगा ना." सांगतो. पण आधी अस्वल माणसावर धावून का येतं ते बघू, म्हणजे जागा कशी निवडायची ते आपोआप कळेल.

आपल्याकडच्या अस्वलाची नजर अधू, कानही बेताचे. सगळी भिस्त नाकावर. त्यात ते वारुळात तोंड खुपसून बसलं असलं तर विचारूच नका. वरचे पुढचे दोन दात त्याला नसतातच. नाकपुड्या मिटायच्या आणि त्या फटीतून वाळवी सुर्रकन ओढायची. रान शांत असेल तर तो आवाज शंभर मीटरवरून ऐकू येतो. इतक्या गोंगाटात त्याला तुमची पावलं कशी ऐकू येणार? वारा तुमच्याकडे वाहत असेल तर वासही लागत नाही. दहा पावलांवर आलात की ते दचकतं. आणि वाघाच्या शेजारात पिढ्या काढलेला हा प्राणी दचकला की पळत नाही, अंगावर येतो. झाडावर चढून वाचू म्हणाल, तर तेही चढतं.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. चांगली जागा म्हणजे जिथे आपण आहोत हे त्याला लांबूनच कळलेलं असतं, किंवा आपण त्याच्या वाटेतच नसतो.

आता मोहाचं बघा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली अस्वल येणार, हे गावातलं पोरही सांगेल. पण टोपली घेऊन मोहफुलं वेचायला आलेली बाईही त्याच वेळी त्याच झाडाखाली असते. विदर्भातले कितीतरी हल्ले असेच, मोहाच्या नाहीतर तेंदूपानाच्या हंगामात झालेले आहेत. तिला पोटासाठी जावं लागतं, तुम्हाला नाही. "पहाटे चला, मोहाखाली दाखवतो," असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. कपारी आणि गुहांचंही तेच. हिवाळ्यात मादी आत व्यालेली असते. मला अशा काही गुहा माहीत आहेत, पण त्या मी सांगणार नाही, रागवा हवं तर.

मग जायचं कुठे? ताडोबात जा, मे महिन्यात. पाणी आटलेलं असतं, पाणवठे मोजके उरतात. सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची वेळ धरा. गेटवरच गाईडला सांगून टाका, "दादा, वाघ नाही दिसला तरी चालेल." त्याचा आधी विश्वास बसत नाही! गाड्या वाघामागे धावतात आणि अस्वल मागच्या उतारावर वारूळ उकरत बसलेलं असतं. बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याचंही असंच झालं. 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ चालत तिथे पोचला आणि अभयारण्याचं नाव सगळ्यांना कळलं. अस्वलं तिथे आधीपासूनच होती.

हमखास बघायचं असेल तर कर्नाटकात हंपीजवळ दरोजी आहे. खास अस्वलांसाठी 1994 साली झालेलं अभयारण्य. मनोऱ्यावर बसायचं, समोर खडकांची टेकडी, दुर्बीण हवीच. वनखात्याची माणसं दुपारी खडकांना गोड लेप फासून जातात आणि अस्वलं तो चाटायला उतरतात. मला स्वतःला ते थोडं जेवणावळीसारखं वाटतं. पण अंतर राखलेलं असतं, लहान मुलांना न्यायला उत्तम.

माझी आवडती जागा मात्र मचाण. बुद्धपौर्णिमेला आपलं वनखातं मेळघाटात पाणवठ्यांवरच्या मचाणांवर लोकांना रात्रभर बसू देतं. आधी नोंदणी करावी लागते. एकदा चढलात की सकाळपर्यंत उतरायचं नाही, डबा वासाचा न्यायचा नाही, अत्तर तर नाहीच.

एका वर्षी दीडच्या सुमाराला पाचोळा वाजला. मग फुसफुस. चांदण्यात पुढे आलं ते फक्त पांढुरकं तोंड आणि छातीवरची पांढरी खूण, बाकी काळोखच. पाठीवर दोन गाठोडी, म्हणजे पिल्लं. मादी मध्येच थांबली, दोन पायांवर उभी राहिली, नाक आमच्या मचाणाकडे केलं. मिनिटभर हुंगलं. मग खाली टेकली आणि पाणी प्यायला लागली.

फोटो? काळ्या रात्री काळं अस्वल, फोटोत काय येणार? माझ्या मित्राने काढलाय एक. त्यात मचाणाची फांदी मात्र छान आली आहे.