सोनं तेच, शेजार वेगळा

मंडळी, या दोन काचा पहिल्या रांगेपासून मागे पाठवतोय. कडेला धरा, मधे बोट लावू नका. ट्यूबलाइटसमोर धरून बघा: एक गुलाबी दिसेल, कोकमाच्या पातळ सरबतासारखी; दुसरी निळसर. दोन्हींवर सोनंच आहे. आपल्या बेळगावात शहापूरच्या सराफाकडे नेलंत तर तो आधी तुमच्याकडे बघेल, मग काचेकडे.

सोनं तेच असताना रंग बदलला कशानं, एवढंच आज सांगायचंय. गुलाबी काचेवर सोन्याचे कण सिलिकात, म्हणजे वाळू ज्याची बनते त्याच ऑक्साइडात, रुतलेत. निळसर काचेवर ते टायटॅनियम ऑक्साइडात आहेत. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. थर शंभरेक नॅनोमीटरचा; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपण मांड्याला पातळ म्हणतो, पण एका केसाच्या जाडीत असे पाचसातशे थर मावतील. आणि मांड्यात खसखस असते तसे त्या थरात दहा-वीस नॅनोमीटरचे कण विखुरलेले.

धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशाची लाट आली की कणातले सगळे इलेक्ट्रॉन एका अंगाला सरकतात, दुसरं अंग धनभारित उरतं आणि त्यांना मागे ओढतं. झाला झोपाळा. प्रत्येक झोपाळ्याची आपली एक लय असते. प्रकाशाची लय तिच्याशी जुळली की कण तो प्रकाश गिळतो. सिलिकातल्या सोन्याची लय ५३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे हिरव्यात, जुळते. हिरवा गेला की उरतं ते लालसर. चांदीची ४०० च्या जवळ, जांभळ्या टोकाला, म्हणून चांदीची काच पिवळी दिसते.

आता शेजाऱ्याचं काम बघा. इलेक्ट्रॉन सरकून कणाच्या कडेला भार साठला की भोवतालचं ऑक्साइड तिथंच विरुद्ध भार पुढे करतं. मागे ओढणारा जोर सैल पडतो, झोपाळा संथ होतो, लय तांबड्याकडे सरकते. ऑक्साइडाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात किती पट मंदावतो तो आकडा, जितका मोठा तितका हा जोर जास्त सैल. सिलिकाचा १.४६. अ‍ॅल्युमिनाचा १.७ च्या घरातला. हीच ती आपल्या यमनापूरच्या कारखान्यात बॉक्साइटपासून निघणारी पांढरी पूड. टायटॅनियम ऑक्साइडाचा २.४ च्या आसपास. तिथं सोन्याचं शोषण ६०० च्या पलीकडे जातं, तांबडा गिळला जातो आणि काच निळी दिसते. शेजाऱ्यामुळं रंग बदलतो हे बेळगावकराला काय सांगायचं? ‘काय करूलास?’ म्हणणारी आपली मराठी पुण्यात ऐकवा, लगेच विचारतील, कुठले तुम्ही?

‘कण लहान झाला की रंग बदलतो’ असं वर्तमानपत्रात हमखास छापून येतं. अर्धवाहकांच्या कणांना ते चपखल लागू पडतं. धातूच्या इतक्या बारीक कणांत आकारमानानं मुख्यतः शोषणाची रुंदी बदलते: दहा नॅनोमीटरच्या खाली इलेक्ट्रॉन सारखे कणाच्या भिंतीवर आदळतात, लय विस्कटते, रंग फिका पडतो.

फॅरडेनं १८५७ मध्येच सोन्याच्या लाल द्रवावर व्याख्यान दिलं होतं, आणि गुस्टाव मी (Mie) या जर्मन शास्त्रज्ञानं १९०८ मध्ये गोल कणाचं पूर्ण गणित मांडलं. मधे १९०४ मध्ये मॅक्सवेल गार्नेट यांनी धातूचे कण असलेली काच एकसंध पदार्थ मानून तिचा अपवर्तनांक काढला. मुलं याला ‘मॅक्सवेल आणि गार्नेटचं सूत्र’ म्हणतात. माणूस एकच! वडील मोठ्या मॅक्सवेलचे सहकारी होते, त्यांनी मुलाचं नाव तसं ठेवलं. सूत्र मात्र कण विरळ असतील तोवरच खरं. दाटी झाली की एका कणाचा झोपाळा शेजारच्या कणाच्या झोपाळ्याला ढकलू लागतो.

माझी एक फजिती सांगतो. चांदी मिसळलेल्या सिलिकाच्या द्रावात साध्या काचपट्ट्या बुडवून काढल्या आणि भट्टीत ५५० अंशांवर ठेवल्या. सुंदर पिवळा रंग आला. आठवडाभर त्यावर मापं घेतली. मग एका पट्टीवरचा थर खरवडून काढला, तर पिवळेपणा तसाच! चांदी थरातून खाली उतरून काचेतल्या सोडियमची जागा घेऊन बसली होती. मी थराची म्हणून मापलेली चांदी काचेतली निघाली. युरोपातल्या चर्चच्या खिडक्यांत चौदाव्या शतकापासून पिवळा रंग असाच आणत आलेत. मी तो चुकून आणला. त्यानंतर क्वार्ट्‌झच्याच पट्ट्या घेतल्या. महाग पडतात.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतंच आहे असं नाही. गच्चीवरच्या सोलर बंबात जो काळा पत्रा असतो, त्यावर बऱ्याचदा ‘ब्लॅक क्रोम’चा लेप असतो: क्रोमियमचे बारीक कण, क्रोमियमच्याच ऑक्साइडात. ऊन पिऊन घेतो, पण तापल्यावर उष्णता सहजासहजी बाहेर टाकत नाही. नुसता काळा रंग फासला तर तो दोन्ही करतो.

मघाशी चहाच्या वेळी एका सराफ बंधूंनी विचारलं, यात सोनं लागतं किती? हिशेब सोपा आहे. शंभर नॅनोमीटरचा थर, त्यात दहा टक्के जागा सोन्याची, सोन्याची घनता १९.३. चौरस सेंटिमीटरला साधारण १९ मायक्रोग्रॅम. एका ग्रॅममध्ये पाच चौरस मीटर काच गुलाबी होईल. तुमच्या हातातल्या काचेवर किती सोनं आहे, ते यावरून तुम्हीच काढा. आणि काचा मात्र परत द्या, मोजून आणल्यात.