दाढ दुखतेय: सरकारीत जायचं की प्रायव्हेटमध्ये?

नमस्कार मंडळी! रात्री दाढ ठणकायला लागली की आपण आधी लवंगेचं तेल शोधतो, मग क्रोसिन, आणि सकाळी कुणाला तरी फोन करून विचारतो, "सरकारीत जाऊ की प्रायव्हेटमध्ये?" त्याआधी एक गोष्ट कळायला हवी: दाढेचं नेमकं काय करायचंय? त्यावरच बाकी सगळं ठरतं.

सरकारी म्हणजे तरी काय? प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुतेक ठिकाणी दातांचा डॉक्टर नसतो. जिल्हा रुग्णालयात असतो. तिथे दात काढणं, सफाई, साधं फिलिंग होतं. त्यापुढचं काम होतं डेंटल कॉलेजात. मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात राज्य सरकारचं, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर, शिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि गोवेकरांसाठी बांबोळी.

तिथे सकाळी लवकर जायचं, केसपेपर काढायचा. आधी तपासणी, मग एक्स-रे, मग चिठ्ठी: रूट कॅनाल (दाढ न काढता आतली किडलेली नस साफ करून भरणं) असेल तर एंडो, हिरड्या असतील तर पेरिओ, लहान मूल असेल तर पेडो. या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरावं लागतं, हे मान्य.

"पण तिथे शिकाऊ पोरं हात साफ करतात ना?" हे कॉमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच बोलतो. दाढेचं रूट कॅनाल बहुतेक वेळा एमडीएस, म्हणजे दातांचं पुढचं स्पेशल शिक्षण घेणारे विद्यार्थी करतात. ते आधीच बीडीएस झालेले, म्हणजे रजिस्टर्ड डेंटिस्ट असतात.

[स्क्रीनवर दाढेचा एक्स-रे]

हे बघा. खालच्या दाढेत साधारण तीन कॅनाल, म्हणजे मुळांतल्या नसेच्या नळ्या. वरच्या पहिल्या दाढेत बरेचदा चौथा असतो, आणि तो इतका बारीक की पटकन सापडतच नाही. तो साफ न होता राहिला, तर पुढे कधीतरी तीच दाढ पुन्हा सुजते. कॉलेजात विद्यार्थी फाईल (सुईसारखं बारीक हत्यार) आत घालून एक्स-रे काढतो, लांबी मोजतो, सरांना किंवा मॅडमना दाखवतो. त्यांनी हो म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. वेळ जातो तो इथेच. तुम्ही तोंड उघडून बसलेले, आणि मॅडम तिसऱ्या खुर्चीवर!

म्हणजे प्रायव्हेटमध्ये एक-दोन सिटिंगमध्ये होणाऱ्या कामाला इथे चार-पाच खेपा लागू शकतात. रिटायर्ड माणसाला, कॉलेजच्या मुलाला हे जमतं. रोजंदारीवर असाल, तर पडणारे खाडे आणि एसटीचं भाडं मांडून बघा. शहरात दाढेचं रूट कॅनाल ढोबळमानाने चार ते आठ हजार, वर बसवायची कॅप (दाढेचं टोपण) वेगळी. कधीकधी दोन्हीकडचा हिशोब वाटतो त्यापेक्षा जवळ येतो.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. रूट कॅनालला पैसे नाहीत, म्हणून लोक म्हणतात, "काढूनच टाका." सरकारीत नाममात्र पैशात दाढ निघते, दुखणं थांबतं. पण मग शेजारचे दात रिकाम्या जागेत कलायला लागतात, समोरच्या जबड्यातली दाढ त्या फटीत सरकायला लागते. पुढे ब्रिज (शेजारच्या दोन दातांवर टेकवलेला नकली दात) बसवायचा म्हटलं, तर एका दाढेसाठी तीन कॅपचं बिल, आणि शेजारचे दोन चांगले दात घासायचे ते वेगळंच. वाचण्यासारखी दाढ पैशांअभावी काढणार असाल, तर आधी डेंटल कॉलेज गाठा. माझं तरी हे ठाम मत आहे.

आडव्या अक्कलदाढेला, जबड्याच्या फ्रॅक्चरला कॉलेजच बरं. सर्जरी विभाग तिथेच असतो.

प्रायव्हेटमध्ये जाताय? खुशाल जा, पण तोंडी आकड्यावर राहू नका. आकडा कॅपसकट आहे का? कॅप धातूची, धातूवर सिरॅमिक की झिरकोनिया? कागदावर लिहून घ्या. एक्स-रे व्हॉट्सअ‍ॅपवर मागून घ्या. 'मोफत तपासणी'ला गेलात आणि न दुखणाऱ्या सहा दातांत काम निघालं, तर तोच एक्स-रे दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही.

खासगी डेंटल कॉलेजांना आपण विसरतोच. विद्यार्थ्यांना पेशंट लागतात, त्यामुळे दर दवाखान्यापेक्षा बरेच कमी असतात. काही कॉलेजं तर पेशंटना आणायला बस पाठवतात. आणि पगारातून ईएसआयसी कापलं जात असेल, तर ईएसआयसीच्या दवाखान्यातल्या डेंटल ओपीडीची चौकशी करा. साध्या मेडिक्लेममध्ये रूट कॅनाल बहुधा बसत नाही.

शेवटचं, तंबाखू, मावा, गुटखा खाणाऱ्यांसाठी. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालून बघा. जात नसतील, तिखट सोसत नसेल, पांढरा चट्टा असेल किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड असेल, तर स्वस्त-महाग काढत बसू नका. थेट डेंटल कॉलेज किंवा जिल्हा रुग्णालय, आणि डॉक्टर म्हणाले बायोप्सी, तर तुकडा काढू द्या. "तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" ही भीती खोटी आहे. त्या भीतीपायी लोक महिनोन् महिने घालवतात आणि मग टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या रांगेत उभे राहतात.